मुलांना गंधक दाखवायचं आहे? आधी काडेपेटी बाजूला ठेवा

मुलांची एखाद्या खनिजाशी ओळख करून द्यायची, तर गंधकाइतकं सोयीचं खनिज मला तरी दुसरं सुचत नाही. रंग विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही, पैसे किरकोळ पडतात, आणि स्वयंपाकघरापासून बडोद्याजवळच्या कोयलीच्या तेल रिफायनरीपर्यंत ते कुठे ना कुठे भेटतंच. अडचण एवढीच की गंधकाचे प्रयोग शोधायला गेलं की बहुतेक व्हिडिओ ते जाळून दाखवतात. निळी ज्योत दिसते सुरेख, पण त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड घशाला आणि छातीला झोंबतो, आणि दम्याच्या मुलाची तर पंचाईतच होते. एवढं करून मुलांना कळतं काय, तर पिवळी वस्तू पेटते. मग पुढचे काही दिवस त्यांना फक्त पेटवण्यातच रस असतो.

म्हणून पहिली ओळख विस्तवाशिवाय व्हावी. हात, कान आणि नाक एवढं सामान पुरतं. बडोद्यातल्या मराठी घरांतले आई-बाबा, आजी-आजोबा, किंवा रविवारी सोसायटीतली पोरं गोळा करून बसणारी एखादी ताई डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिते आहे. रसायनशास्त्र शिकलेलं असण्याची गरज नाही.

खडा आणि भुकटी

जुन्या शहरात मांडवीच्या आसपास गांधीचं, म्हणजे काष्ठौषधी विकणाऱ्याचं दुकान शोधा आणि ‘आमलसार गंधक’ मागा. पन्नास ग्रॅम पुष्कळ झाला. सुट्टा चुरा न घेता खडे घ्या. त्यातला एखादा अंगठ्याएवढा असावा. आणायला मोठ्यांनीच जायचं. दिवाळीच्या तोंडावर दुकानदार ‘कशाला हवा?’ असं विचारतो, आणि ते बरंच करतो. वैद्यांच्या वापरातला ‘शुद्ध गंधक’ आपल्याला नको. तो औषधासाठी तुपा-दुधातून काढलेला असतो, आणि आपल्याला औषध करायचं नाहीये.

शेतीच्या दुकानात ८० टक्के गंधकाची भुकटी मिळते, भुरी रोगावर फवारायची. तीही नको. ती पाण्यात लगेच भिजावी म्हणून तिच्यात इतर द्रव्यं मिसळलेली असतात. खाली जो पाण्याचा प्रयोग सांगितला आहे, तो तिच्यानं हमखास फसतो.

एक छोटा खडा जाड कागदाच्या घडीत ठेवून बत्त्यानं हलक्या हातानं दाबला की भुकटी तयार. गंधक ठिसूळ आहे, जोर लागत नाही. हे काम मोठ्यांचं, आणि बत्ता कागदाच्या बाहेरच राहायला हवा, कारण उद्या त्यानंच आलं ठेचायचं असतं.

नाव न सांगता हातात द्या

पांढऱ्या ताटलीत खडा ठेवा आणि ‘हे काय असेल?’ एवढंच विचारा. मेण, खडीसाखर, साबण, हळकुंड, सगळी उत्तरं येतात. येऊ द्यात, घाई करू नका. मग एका हातात गंधक आणि दुसऱ्या हातात साधारण तेवढाच रस्त्यावरचा दगड द्या. दगड थोडा जड लागतो, आणि मुख्य म्हणजे गार लागतो. गंधक तसा गार लागत नाही, कारण तो उष्णतेचा फार वाईट वाहक आहे, हाताची ऊब पटकन ओढून घेत नाही.

याच गुणाची पुढची गंमत कानानं ऐकायची. थंडीतली सकाळ निवडा. पंखा बंद, टीव्ही बंद. खडा मुठीत घट्ट धरून मूठ कानाशी न्यायची आणि गप्प बसायचं. थोड्या वेळानं आतून बारीक ‘टिक्… टिक्’ ऐकू येतं. मुलांचे डोळे त्या क्षणी बघण्यासारखे होतात. खड्याची बाहेरची बाजू हाताच्या उबेनं जराशी प्रसरण पावते, आतला भाग अजून थंडच असतो, आणि त्या ओढाताणीत बारीक भेगा पडतात. कधी कधी खड्याचे दोन तुकडेही होतात. म्हणून तुमचा सगळ्यात देखणा खडा या कामाला लावू नका.

आता वास घ्यायला सांगा. मुलं छातीठोकपणे ‘येतोय, येतोय!’ म्हणतात. अजून नाव सांगितलं नसेल तर मात्र बरीचशी ‘काहीच नाही’ म्हणतील, आणि ते बरोबर आहे. शुद्ध गंधकाला स्वतःचा वास जवळपास नसतो. ज्या वासासाठी तो बदनाम आहे, तो त्याच्या संयुगांचा असतो: सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा, काडी ओढल्यावर नाकात शिरणारा झणका सल्फर डायऑक्साइडचा. ही एक गोष्ट मुलांच्या डोक्यात पक्की बसली की पुढचं सगळं सोपं जातं. पिवळा खडा आणि त्याची वास मारणारी भावकी वेगवेगळी.

हवा कोरडी असेल तर आणखी एक करून बघा. खडा लोकरीच्या कापडावर घासून कागदाच्या बारीक कपट्यांजवळ न्या. कपटे उडी मारून चिकटतात. सतराव्या शतकात जर्मनीतल्या मॅग्डेबर्गच्या ऑटो फॉन गेरिकनं गंधकाचा मोठा गोळा करून, तो फिरवत, हातानं घासून वीज निर्माण केली होती. घर्षणानं वीज देणारं ते सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक. जुलैत हे करायला जाऊ नका. बडोद्याच्या पावसाळी हवेत कपटे हलतसुद्धा नाहीत आणि मुलं निघून जातात.

पाण्यावरची भुकटी

एका काचेच्या पेल्यात पाणी घ्या. आधी विचारा, गंधक तरंगेल की बुडेल? खडा टाका. बुडतो, कारण तो पाण्याच्या दुपटीनं घन आहे. मग वरून चिमूटभर भुकटी अगदी हळू भुरभुरा. तीच वस्तू, पण आता ती पाण्यावर पिवळ्या सायीसारखी पसरून राहते. चमच्यानं थोडी दाबली तरी वर येते आणि कोरडीच राहते. गंधकाला पाणी चिकटत नाही, आणि पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे वरच्या थराचा ताण, भुकटीचं वजन पेलतो.

आता भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब कडेनं सोडा. पिवळ्या साईला भोक पडतं, ती फाटत जाते आणि भुकटी तळाकडे बरसू लागते. साबणानं पृष्ठताण घटवला. मुलं ‘परत, परत!’ म्हणणारच. पण पेला दरवेळी स्वच्छ धुवावा लागतो, नाहीतर उरलेल्या साबणामुळे दुसऱ्यांदा भुकटी टाकल्या टाकल्या बुडते. चार पेले आधीच मांडून ठेवलेले बरे.

मोठ्या मुलांना पुढचं सांगा. लघवीत पित्तक्षार आहेत का हे ओळखायची ‘हेज टेस्ट’ ही चाचणी याच तत्त्वावर चालते. पित्तक्षार साबणासारखंच काम करतात, त्यामुळे ते असले तर भुकटी बुडते. वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांना ती प्रॅक्टिकलमध्ये करावी लागते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना लघवीचा उल्लेख झाला की गोष्ट जन्मभर लक्षात राहते, हा माझा अनुभव.

घरात लोखंडाचा कीस आणि लोहचुंबक असेल तर कीस आणि भुकटी मिसळून ती पुन्हा वेगळी करायला लावा. शाळेच्या पुस्तकात हा प्रयोग येतो, फक्त तिथे पुढे मिश्रण तापवायचं असतं. आपण चुंबकाशीच थांबायचं. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वापरा, नाहीतर तो साफ करण्यात दुपार जाते.

स्वयंपाकघरात नाकाची फेरी

या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या. खर्च शून्य आणि आजीला बोलायला वाव.

सुरुवात पादेलोणानं. बडोद्यातली मुलं त्याला संचळ म्हणूनच ओळखतात. चिमूटभर पूड कोमट पाण्यात टाकून हुंगायला द्या. नाकं मुरडतात. मग त्यात लिंबू पिळा आणि पुन्हा हुंगायला सांगा. वास एकदम वाढतो. पादेलोणात सल्फाइड असतात आणि आंबटपणामुळे त्यातून हायड्रोजन सल्फाइड मोकळा होतो. एवढ्याशा चिमटीतून निघतो तो अगदी नगण्य. जलजिऱ्यात आपण तोच पितो.

कांद्याची पाळी आली की एक कांदा फ्रीजमधला आणि एक बाहेरचा घ्या, दोन्ही मोठ्यांनी चिरा आणि कुठल्यानं जास्त रडू येतं ते मुलांना ठरवू द्या. चिरताना कांद्याच्या पेशी फुटतात आणि गंधकाचा एक उडणारा पदार्थ तयार होतो. थंड कांद्यात ती क्रिया मंदावते. लसूण अख्खा हुंगला तर फारसा वास नाही, ठेचला की घरभर. तिथेही पेशी फुटल्यावरच गंधकाचं संयुग बनतं. हिंगाचा दर्पही याच भावकीतला. मग घरपाठ द्या: पुढच्या वेळी सेव-उसळ खाताना बशीत गंधकवाले पदार्थ किती, ते शोधा. कांदा, लसणाची तर्री, फोडणीतला हिंग. उसळीतल्या कडधान्याच्या प्रथिनांतही गंधक असतं, पण ते नाकाला कळत नाही, म्हणून ते सांगणाऱ्याला जादा मार्क.

गॅसचा वास हा विषय याच ठिकाणी काढा, कारण तो कामाचा आहे. सिलेंडरमधल्या किंवा पाइपनं येणाऱ्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकाची उग्र वासाची संयुगं अगदी अल्प प्रमाणात मिसळतात. हा वास आला की विजेचं बटण चालू-बंद करायचं नाही, काडी ओढायची नाही, खिडक्या उघडायच्या आणि मोठ्यांना हाक मारायची. मुलांकडून हे तोंडपाठ म्हणून घ्या. आजच्या दिवसातलं एवढंच लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

डब्यांवरची बारीक अक्षरं वाचायला मोठ्या मुलांना आवडतं. बिस्किटं, सरबतं, सुकामेवा यांवर आयएनएस (खाद्यपदार्थांत घातलेल्या द्रव्यांचे क्रमांक) २२० ते २२८ यांपैकी आकडा दिसला तर तिथे सल्फाइट किंवा सल्फर डायऑक्साइड वापरलेला आहे. नारंगी, टवटवीत जर्दाळू त्यामुळेच तसे दिसतात. त्याशिवाय सुकवलेले काळपट तपकिरी असतात. काही दमेकऱ्यांना सल्फाइटचा त्रास होतो. मात्र ‘आमच्या बाबांना सल्फाची अ‍ॅलर्जी आहे’ असं कुणी म्हणालं तर ती वेगळी गोष्ट. ती त्या गटातल्या औषधांची असते, गंधकाची नव्हे.

चांदी काळी का पडते

देवघरातलं निरांजन किंवा जुनं चांदीचं नाणं घ्या. अंडं चालणाऱ्या घरात एक अंडं जास्त वेळ उकडा. सोलून कापलं की पिवळ्याभोवती हिरवट-करडी कड दिसते. पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह यांचं ते संयुग. गरम पिवळं कुस्करून त्यात नाणं पुरा आणि डबा बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी नाणं तपकिरी-काळं. अंडं मग टाकून द्यायचं.

अंडं न चालणाऱ्या घरी रबरबँड आहेच. चांदीच्या नाण्याला रबरबँड गुंडाळून कपाटात ठेवा आणि विसरून जा. काही आठवड्यांनी सोडलात की रबर होतं तिथे नेमका काळसर पट्टा उमटलेला असतो. रबरात गंधक कुठून आलं, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात. मग १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरनं कच्चं रबर गंधकाबरोबर तापवून पाहिल्याचं सांगा. उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होणारं रबर त्यानं टिकाऊ आणि लवचिक झालं. खाली उभ्या असलेल्या बाबांच्या स्कूटरचे टायर आजही त्याच युक्तीवर चालतात.

नाणं उजळायचं तर काचेच्या वाडग्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरा, चकचकीत बाजू वर. नाणं त्यावर टेकेल असं ठेवा, चमचाभर खाण्याचा सोडा टाका आणि वरून कडक गरम पाणी ओता. ते मोठ्यांनी. काळेपणा उतरू लागतो आणि थोडा अंड्याचा वास येतो: चांदीला चिकटलेलं गंधक अ‍ॅल्युमिनियमनं ओढून घेतलं. खडे जडवलेले दागिने आणि मुद्दाम काळपट ठेवलेलं नक्षीकाम यात घालू नका. आईची ठुशी तर नाहीच नाही.

बडोद्यातलं गंधक

आपल्या देशात खणून काढण्याजोगं गंधक फारसं नाही. लडाखच्या पुगा खोऱ्यात गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ ते सापडतं, पण देशाची गरज त्यावर भागत नाही. आज जगातलं बहुतेक गंधक तेल आणि नैसर्गिक वायू शुद्ध करताना निघतं. म्हणजे बडोद्याच्या मुलांना गंधकाचा ‘खाणकारखाना’ दाखवायचा तर कोयलीकडे बोट दाखवायचं. १९६५ मध्ये सुरू झालेली ही रिफायनरी. कच्च्या तेलात गंधक मिसळलेलं असतं. ते तसंच डिझेलमध्ये राहिलं तर गाडीच्या धुरातून सल्फर डायऑक्साइड होऊन बाहेर पडेल आणि हवेतल्या ओलाव्याशी मिळून पावसाला आम्ल बनवेल. म्हणून हायड्रोजन वापरून ते आधी हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात वेगळं काढतात. मग त्या वायूचा काही भाग जाळून सल्फर डायऑक्साइड करतात, आणि हे दोन वायू एकमेकांशी भिडले की उरतं पाणी आणि पिवळं गंधक. कार्ल क्लाउस यांनी १८८३ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीचंच हे सुधारलेलं रूप.

पेट्रोल पंपावर थांबलात तर मुलांना आकडा सांगा. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा (भारत स्टेज सहा, प्रदूषणाची मर्यादा ठरवणारं मानक) इंधन आलं, त्यात दर दहा लाख भागांत गंधक जास्तीत जास्त १० भाग. त्याआधीच्या बीएस-चारमध्ये ५० चालायचं. काढलेलं गंधक वाया जात नाही. त्याचा मोठा हिस्सा गंधकाम्ल बनवायला जातो आणि गंधकाम्लाचा मोठा हिस्सा खतांना. बडोद्याच्या खत कारखान्याजवळच्या फर्टिलायझरनगरवरून जाताना हे सांगितलं की दोन कारखान्यांची साखळी मुलांना जुळवता येते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत असतं ते पातळ केलेलं गंधकाम्लच. ते नुसतं सांगायचं, झाकण उघडून दाखवायचं नाही.

बाकी मंडळी किराणा दुकानात भेटतात. तुरटी, हिराकस, मोरचूद, प्लास्टर ऑफ पॅरिस: सगळ्यांत गंधक आहे, पण ना पिवळा रंग ना वास. तुरटीचा खडा हातात द्यायला हरकत नाही. मोरचूद विषारी, तेव्हा बाटलीतूनच दाखवा. गणपतीच्या दिवसांत पीओपीच्या मूर्तीकडे बघून ‘यातसुद्धा?’ असा प्रश्न आला तर समजा, गाडी रुळावर आहे.

आणि ज्याला ज्वालामुखीचंच वेड आहे, त्याला इंडोनेशियातल्या कावाह इजेनचे फोटो दाखवा. तिथले कामगार विवरातून गंधकाच्या जड टोपल्या खांद्यावर वाहून आणतात. तेवढ्यानं भागलं नाही तर गुरूच्या आयो या उपग्रहाचा फोटो. त्याचा पिवळा-तांबूस रंग गंधकाचा, आणि सूर्यमालेत सगळ्यात जास्त ज्वालामुखी तिथेच धगधगतात. कमाटीबागेत तारांगणाच्या बाजूनं फिरताना हा विषय काढायला बरा.

जे अजिबात करायचं नाही

दिवाळीत गुजरात-महाराष्ट्रात पोटॅश (पोटॅशियम क्लोरेट) आणि गंधकाच्या नळीचा बार काढायची हौस जुनी आहे. मोठेही ‘आम्ही लहानपणी करायचो’ म्हणून कौतुकानं सांगतात. ते मिश्रण नुसत्या घासण्यानं किंवा ठोकण्यानं उडतं, आणि त्यात बोटं आणि डोळे जातात. तुम्ही आणलेला खडा मुलांच्या हाताशी राहिला आणि शेजारच्या दादाकडे पोटॅश असलं, तर पुढचं सांगायला नको. म्हणून खडे मोजून द्या आणि मोजून परत घ्या.

प्रयोगाच्या वेळी भुकटी फुंकायची नाही, डोळे चोळायचे नाहीत, चाखायचं नाही. शेवटी साबणानं हात. आजोबा गंधक रसायनाचे गुण सांगू लागले तर ऐकून घ्या, पण ते वैद्यानं द्यायचं. ताटलीतला खडा औषध नाही. भुकटीचं पाणी गाळून घ्या आणि कागदावरचं गंधक वाळवून पुन्हा वापरा.

उरलेलं गंधक झाकणाच्या काचेच्या बरणीत, नाव आणि तारीख लिहून, उंच फळीवर ठेवा. देवघराजवळ नको, नाहीतर चांदी-तांब्याची उपकरणी काळवंडतात. फटाक्यांच्या खोक्याजवळ तर मुळीच नको. आणि होळी जवळ आली की कुणीतरी ‘थोडंसं टाकून बघू या का?’ असं विचारणारच. तेव्हा बरणी कुठे आहे हे फक्त तुम्हालाच माहीत असावं.